श्वास आवरा, बर्फ पडतोय

आधी हातमोजे घाला. जाड लोकरीचे, बोटं वेगळी नसलेले. तुम्ही अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, व्हरमाँट राज्यातल्या जेरिको गावाच्या शिवारात उभे आहात. हिवाळा १९०१-०२ चा आहे आणि पहाटेपासून बर्फ पडतोय.

थंडी पहिल्यांदा कळते ती नाकात. श्वास आत ओढला की नाकपुडीतले केस ताठ होतात आणि टोचतात. मग दात. तोंड उघडं ठेवलंत तर पुढच्या दातांची मुळं ठणकायला लागतात, म्हणून तोंड मिटा. महाबळेश्वरला डिसेंबरात शाल लपेटून चहा प्यायलेल्या माणसाला आपल्याला थंडी माहीत आहे असं वाटत असतं. इथे दहा पावलं चाला. प्रत्येक पावलाला बूट करकरतो, पापण्यांवर पांढरं साचतं आणि पाठीमागे वळून बघाल तर पहिलं पाऊल बुजायलाही लागलेलं असतं. डोंगर आहेत म्हणे समोर. दिसत नाहीत.

गोठ्याकडे चला, तिथे ऊब आहे. दार लोटताच वाळल्या गवताचा, शेणाचा आणि गाईंच्या श्वासाचा दाट वास अंगावर येतो आणि चष्म्यावर एकदम वाफ धरते. टिनच्या बादलीत धार पडतेय; आधी टणटण, आणि बादली भरत आली की नुसता फेसाळ सूर. धार काढणारा माणूस ठेंगणा, सडपातळ, मिशीवाला, सदतिशीतला. हा विल्सन बेंटली. त्याचे हात सडांशी आहेत आणि डोळे पुन्हा पुन्हा दाराच्या फटीकडे जातायत.

फटीतून येणारा बर्फ दाणेदार आहे. असल्या बर्फात त्याला रस नाही. ढगातले पाण्याचे बारीक थेंब वाटेत स्फटिकाला चिकटून गोठले की त्याचं नक्षीकाम गिलावा मारल्यासारखं बुजून जातं आणि खाली येतो तो नुसता पांढरा खडा. विल्सन वाट बघतोय वादळ पुढे सरकण्याची. वादळाची पश्चिमेकडची बाजू डोक्यावर आली, थंडी वाढली, की रेखीव स्फटिक पडतात, हे त्याने वर्षानुवर्षं नोंदी ठेवून स्वतः ताडलंय. अमेरिकी हवामान खात्याच्या मासिकात तो त्यावर लेख लिहितो. कॉलेजात कधी गेलेला नाही. दिवसाकाठी दोनदा धारा, गवत, सरपण, आणि उरलेल्या वेळात हे.

शेवटची गाय झाली. तो कोटाच्या काळ्या बाहीवर दोन-चार कण झेलतो, बाही डोळ्यांशी नेतो आणि झपाझप चालायला लागतो. मागून धावा.

वाट स्वयंपाकघरातून जाते, आणि तिथे तुम्ही नक्की रेंगाळणार. लोखंडी स्टोव्हमध्ये लाकडं तडतडतायत, दोरीवर ओले लोकरी मोजे वाळतायत, पाव भाजल्याचा वास आहे, मेपलच्या पाकाचा गोडसर वास आहे, आणि भाऊ चार्ल्सच्या मुलांनी सगळं घर डोक्यावर घेतलंय. कुणीतरी तुमच्या पायात येतं. कुणीतरी खुर्ची पुढे करतं. बसू नका. पाच मिनिटं बसलात तर कोटात एवढी ऊब मुरेल की मागच्या खोलीत तुम्ही त्याचं नुकसान कराल. या घरातलं सगळं सुख त्या मागच्या खोलीचं वैरी आहे.

जाता जाता आईच्या खोलीत मात्र डोकवा. आई आजारी असते. तिचं सगळं विल्सन बघतो. ती पूर्वी शाळेत शिकवायची. मुलाला तिने चौदाव्या वर्षापर्यंत घरीच शिकवलं आणि पंधराव्या वाढदिवसाला आपल्या शिक्षकीच्या दिवसांतला जुना सूक्ष्मदर्शक त्याच्या हातात ठेवला. त्याखाली त्याने हिमकण पाहिला. मग तो कागदावर उतरवायचा म्हणून पेन्सिल घेतली. काही हिवाळे तो नुसती चित्रं काढत होता, शेकडो, आणि बहुतेक अर्धवट. कागदावर तिसरी फांदी येईपर्यंत काचेवर पाण्याचा ठिपका उरायचा.

कॅमेरा हवा, हे त्याच्या मनाने तिथेच घेतलं. वडिलांना हे सगळं खूळ वाटायचं. तरी तो सतरा वर्षांचा असताना घरच्यांनी त्याला भात्याचा कॅमेरा आणि जोडायला सूक्ष्मदर्शक घेऊन दिला. खर्च शंभर डॉलरच्या घरात. दुधावर चालणाऱ्या घराने एवढी रक्कम, मान्य नसलेल्या वेडापायी, मोजून द्यावी, याचं मला फार अप्रूप वाटतं. शिकवायला कुणी नव्हतं. प्लेटा वाया जात राहिल्या. १५ जानेवारी १८८५ ला, वादळ चालू असताना, पहिली प्लेट जमली. तेव्हा त्या यंत्रापुढे गुडघे टेकून नमस्कार करावासा वाटला होता, असं तो पुढे सांगतो. तेच यंत्र आता तुम्ही बघणार आहात. आयुष्यभर त्याने दुसरं घेतलं नाही.

दार उघडा आणि चटकन मागे लावून घ्या.

ही सरपणाची खोली. स्टोव्ह नाही, आणि नसायलाच हवा. बाहेर जेवढी थंडी तेवढीच आत, फक्त वारा नाही. चिरलेल्या लाकडाचा वास. खिडकीतून येणारा राखाडी उजेड. खिडकीसमोर टेबलावर सूक्ष्मदर्शक आडवा झोपवलाय, त्याच्या शेपटाला कॅमेऱ्याचा लांबलचक काळा भाता जोडलाय. उजेड खिडकीतून येणार, काचपट्टीवरच्या स्फटिकातून पार होणार, भिंगातून भात्यात आणि भात्याच्या टोकाशी काचेच्या प्लेटवर. एवढंच यंत्र आहे. बाकी अवजारं त्याहून साधी. एक फूटभर लांबरुंद काळी रंगवलेली फळी, तिला दोन बाजूंना तारेच्या कड्या. हातभिंग. लाकडाची टोकदार काडी. टर्कीच्या पंखाचं पीस. काचपट्ट्या कालपासून इथेच पडून आहेत, गार व्हायला.

फळी तारेने धरा. लाकडाला हात लागू देऊ नका. हातमोज्यातूनही ऊब जाते. आता दार थोडं उघडून ती बाहेर धरा. वारा तोंडावर सपकारे मारतो, फळीवर टपटप काहीही वाजत नाही, आणि काही सेकंदांत काळ्या रंगावर पांढऱ्या ठिपक्यांचा सडा पडतो. आत घ्या. खाली वाका. तोंड वळवा!

हे तोंड वळवणंच इथलं खरं कसब आहे. तुमचं शरीर सदतीस अंशांचं आहे. तुमचा उच्छ्वास म्हणजे त्या कणासाठी उन्हाळी वारा. एक निष्काळजी सुस्कारा आणि फळीवरचं सगळं गेलं. म्हणून श्वास बाहेर तोंड करून सोडायचा, मग नवा श्वास घ्यायचा, तो धरायचा, मग वाकायचं. छाती भरून येईपर्यंत बघायचं. उठायचं, मान वळवायची, सोडायचा. आपण ज्याला निरखणं म्हणतो त्यात एरवी डोळ्यांचंच काम असतं. इथे फुप्फुसं पणाला लागतात.

हातभिंगातून दिसतं काय? मोडतोड. तुटलेल्या फांद्या, एकमेकांत अडकलेले गठ्ठे, पाच हात शाबूत आणि सहावा बेपत्ता. विल्सन पिसाने फळी झाडतो, पुन्हा बाहेर धरतो. पुन्हा मोडतोड. पुन्हा झाडणं. पायाची बोटं आधी दुखतात, मग दुखायची थांबतात, आणि ते थांबणं जास्त वाईट आहे. आपटा पाय, पण त्याचं काम सुरू व्हायच्या आधी. बाहेर वारा छपराखाली शिरून हुंकारतोय. भिंतीपलीकडे मुलं हसतायत, भांडी आपटतायत. या खोलीत कुणी बोलत नाही. बोलण्यातही वाफ असते.

आणि मग त्याचा हात हवेतच थांबतो.

फळीच्या कडेला एक कण आहे. नखाच्या अर्ध्याहून लहान. तो काडीचं टोक त्याच्या मध्याला हलकेच टेकवतो, कण टोकाला धरतो, आणि तो तसाच उचलून काचपट्टीवर. पिसाच्या टोकाने तो कण काचेवर अलगद दाबतो, सगळ्या फांद्या सपाट बसाव्यात म्हणून. एवढा गोठलेला हात इतका हलका कसा पडतो, हे बघण्यासाठी तरी या खोलीत यावं.

तुम्हाला भिंगातून एक नजर मिळते. एकच, आणि श्वास धरून. मध्ये लहानशी षटकोनी चकती. तिच्या सहा कोपऱ्यांतून सहा फांद्या, प्रत्येकीला दोन्ही अंगांनी उपफांद्या, आणि चकतीच्या आत बारीक गडद रेघांची, ठिपक्यांची आणखी एक नक्षी. त्या रेघा म्हणजे बर्फात कोंडलेली हवा. सहाच का, याचं उत्तर पाण्याच्या रेणूंत आहे. गोठताना ते षटकोनी रचनेत बसतात. फांद्या कशा फुटतील ते ठरतं तो कण ढगात कुठल्या गारठ्यातून आणि किती दमट हवेतून आला यावर. कण एवढासा, की त्याच्या सहाही हातांना त्या त्या क्षणी एकच हवा मिळते, म्हणून ते सारखे वाढतात. शेजारचा कण दुसऱ्या वाटेने आला, त्याचं रूप दुसरं. तुम्ही जे बघताय तो एका प्रवासाचा मागोवा आहे, आणि तो पुसला जायला सुरुवात झालेली आहे.

पुसला जातोय, वितळत नाहीये. गोठणबिंदूच्या कितीतरी खालीसुद्धा बर्फ पाणी न होता थेट हवेत विरतो, आणि आधी विरतात ती टोकं, कोपरे, सगळ्यात नाजूक जागा. उशीर केलात तर फोटो येईल, पण बोथट झालेल्या कणाचा.

म्हणून आता घाई, आणि घाईत शांतपणा. काचपट्टी जागेवर बसते. तो भात्याच्या मागच्या टोकाला जाऊन काळ्या कापडात डोकं खुपसतो. तुम्हीही खुपसा. आत काळोख, लोकरीचा कुबट वास, आणि समोर घासलेल्या काचेवर धूसर, उलटी, मोठी झालेली आकृती. ती स्पष्ट करायची तर सूक्ष्मदर्शकाचं चाक फिरवायला हवं, पण चाक आहे भात्याच्या पलीकडच्या टोकाला आणि तुमचा हात तिथवर पोचत नाही. त्याचाही पोचत नव्हता. म्हणून त्याने चाकाला दोरी बांधून ती मागपर्यंत आणलीय. दोरी जराशी ओढा. कडा फुटल्या. आणखी जराशी. आता ढिली सोडा. बस!

भिंगामागे त्याने मुद्दाम अगदी बारीक छिद्र ठेवलंय. छिद्र लहान म्हणून चित्र काठोकाठ रेखीव, पण त्याच कारणाने उजेड तुटपुंजा. तेव्हा प्लेट आत सरकवल्यावर उजेडाला वेळ द्यावा लागतो, कधी दहा सेकंद, कधी मिनिटाच्याही वर. मनातल्या मनात मोजा. वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेऊ नका, फळ्यांची जमीन हलते. नाकाच्या टोकाला थेंब जमला असेल तर जमू द्या. तीस. एकतीस. छातीत ठोके मोठ्याने वाजतात आणि तेही त्या काचेला कळतील अशी भीती वाटते. विल्सन खिडकीकडे बघतोय. ढग जाड झाला की तो आणखी थोडा वेळ थांबतो, अंदाजाने. त्या अंदाजाला कुठलं उपकरण नाही. सतरा हिवाळे आहेत.

झालं. सोडा श्वास, तिकडे तोंड करून.

हे दिवसभर चालतं. चांगलं वादळ हिवाळ्यात मोजक्याच वेळा येतं आणि ते जेवायच्या वेळा पाळत नाही. संध्याकाळच्या धारा मात्र चुकत नाहीत. अंधार पडला की पुन्हा बादली, पुन्हा टणटण, आणि मग तो दिव्याच्या लाल काचेमागे प्लेटा धुवायला बसतो. रसायनांचा आंबूस वास घशाशी बसतो. गार पाण्याने बोटांना चिरा पडलेल्या, त्यात ते औषध झोंबतं. थाळी डावीउजवीकडे हलवत राहा. करड्या काचेवर आधी काही नसतं, मग कडेची एक रेघ, मग एकदम सहाच्या सहा.

पण काम संपलं नाही. उजेड स्फटिकाच्या पाठून आला, त्यामुळे कागदावर उतरवलं तर पारदर्शक फूल उजळ पांढऱ्यावर पडतं आणि डोळ्याला नीट सापडत नाही. तेव्हा तो निगेटिव्हची दुसरी प्रत काढतो आणि कंदिलाजवळ बसून, धारदार चाकूने, स्फटिकाच्या कडेकडेने लेप खरवडत जातो. प्रत्येक फांदीची प्रत्येक खाच. खरवडलेल्या जागेतून उजेड पूर्ण पार होईल आणि कागद काळाभोर उठेल. त्यावर फूल पांढरं. मूळ प्लेटला तो हात लावत नाही. तुमची मान दोन फांद्यांतच आखडेल. रॉकेलचा धूर डोळ्यांत जातोय, घर झोपलंय, आणि चाकूची बारीक खरखर तेवढी चालू आहे. अशा प्रतींचे काचेचे तुकडे तो शाळांना, कॉलेजांना पाच-पाच सेंटला पाठवतो. त्यात नफा कुठला निघत असेल.

त्याच्यासमोर बसून तुम्हाला एक गोष्ट माहीत आहे जी त्याला माहीत नाही. असे पाच हजारांवर फोटो तो काढणार आहे. हवामान खात्यातले भौतिकशास्त्रज्ञ विल्यम हम्फ्रीज यांच्यासोबत त्याचं पुस्तक निघेल १९३१ साली, दोन हजार चारशेहून जास्त चित्रांचं, आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यूमोनिया त्याला नेईल. जपानच्या होक्काइदो बेटावर उकिचिरो नाकाया हे संशोधक याच चित्रांनी झपाटून सूक्ष्मदर्शक घेऊन बर्फात उभे राहतील आणि १९३६ मध्ये प्रयोगशाळेत, सशाच्या केसावर, पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवतील. सांगू नका त्याला. त्याच्या हातात चाकू आहे आणि तो पाचव्या फांदीवर आहे.

एक उन्हाळा बघून घेऊ, धावतच. कोट काढा, आता घामाचे दिवस आहेत. अंगणात मातीचा वास उठलाय, वीज कडाडली, आणि विल्सन हातात चाळलेल्या गव्हाच्या पिठाचं पसरट भांडं घेऊन पावसात धावतोय. क्षणभर धरतो, झाकून आत आणतो. प्रत्येक थेंबाने पिठात आपल्यापुरती एक गोळी वळलीय. त्या वाळवून मोजायच्या, म्हणजे पावसाचे थेंब केवढे असतात ते कळतं. माहीत मापाचे थेंब वरून पिठात टाकून त्याने पडताळाही घेतलाय. १९०४ मध्ये हे सगळं छापून येईल. शेजारी कुंपणाशी उभे राहून बघतात. पावसात पीठ धरणाऱ्या माणसाला ते काय म्हणत असतील ते विचारायला नको. मला त्या पिठाच्या भांड्यावर त्या कॅमेऱ्याइतकाच जीव आहे.

आता वीसेक वर्षं पुढे या. छान, कोरडी संध्याकाळ. गावात त्याने स्वतःहून व्याख्यान ठेवलंय, फुकट, आपण एवढी वर्षं काय करतोय ते गावाला समजावं म्हणून. पडदा टांगलाय, मॅजिक लँटर्न, म्हणजे काचेवरची चित्रं पडद्यावर मोठी करून दाखवणारा दिवा, मांडलाय. आपल्याकडे कल्याणच्या पटवर्धनांनी शांबरिक खरोलिका या नावाने हाच खेळ दाखवायला सुरुवात केली तेव्हा काचेवरची चित्रं बघायला लोक दाटीवाटीने बसले होते, तेव्हा इथेही पुढची जागा पटकावायची म्हणून तुम्ही घाईने शिरता. घाईची गरज नाही. सगळे मिळून सहा जण आलेत. तुम्ही सातवे.

बाक थंड आणि रिकामे. दिवा पेटतो, तापलेल्या पत्र्याचा आणि भाजलेल्या धुळीचा वास येतो, पहिली काच खट्कन आत जाते. पडद्यावर एक हिमकण उभा राहतो, तुमच्याहून उंच. या दिव्याची धग एवढी आहे की खरा कण तिथे पापणी लवेपर्यंतही टिकला नसता. विल्सनची मिशी पिकत आलीय. माणसं सहा आहेत की सहाशे, याने त्याच्या आवाजात फरक पडलेला तुम्हाला तरी ऐकू येत नाही. तो पडद्याजवळ जातो, चकतीतल्या गडद रेघांवर काठी ठेवतो आणि कोंडलेल्या हवेबद्दल सांगतो. खट्. पुढची काच. ही कुठल्या वादळातली, तेव्हा वारा कुठून होता, थंडी किती होती, हे सगळं त्याच्या नोंदीत आहे आणि नोंद त्याला पाठ आहे. खट्.

शेवटी पुढे जा आणि त्याला विचारा, पडद्यावरच्या कणांतला चौथा कुठे सापडला होता. काचा पेटीत ठेवता ठेवता तो थांबतो, चौथी काच पुन्हा बाहेर काढतो, दिव्यासमोर धरतो आणि सुरुवात करतो पार त्या दिवसाच्या सकाळपासून, गोठ्यात असताना बर्फ दाणेदार पडत होता तिथपासून. बाकीचे सहा जण टोप्या घालून निघालेत. तुम्ही बसा. त्याला अजून बराच वेळ लागणार आहे.